पेन्सिलीवर शाई

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, ताई गेली. ती ठाण्याला तिच्या घरी होती. मी डोंबिवलीला माझ्या घरी होते. भावोजींचा फोन आला तेव्हा मी टेबलाशी बसून कार्डांवर खुणा करत होते.

त्या दिवसाबद्दल मला यापलीकडे लिहिता येत नाही. वर्षभरात अनेकदा बसले. दर वेळी एवढी वाक्यं झाली आणि पुढे हात आपोआप कार्डांकडे वळला. तेव्हा आता कार्डांबद्दलच लिहिते.

मार्च पुन्हा आला आहे. इथे डोंबिवलीत, कोपरला, आमच्या इमारतीमागून खाडीकडे जो रस्ता जातो त्यावर एक काटेसावर आहे. पान एक नाही, सगळ्या फांद्या लाल. खाली पडलेली फुलं रिक्षांच्या चाकांखाली येतात आणि रस्ता चिकट होतो. दुपारी तांबट पक्ष्याचं टुक-टुक सुरू झालं की थांबत नाही. गच्चीत कुणीतरी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या आहेत. खालच्या मजल्यावरची सई दहावीला आहे. तिची आई परवा जिन्यात भेटली आणि म्हणाली, आता फ्रेंचच तेवढं राहिलंय, त्याचं काही टेन्शन नाही, स्कोअरिंग असतं ते. मी हो म्हटलं. पायऱ्या चढून दाराशी आले आणि कुलूप लावायचं की काढायचं ते मला काही क्षण कळेना.

दहावीच्या फ्रेंचच्या पेपरचा आठवडा हा आमच्याकडे एक ऋतूच होता. ताई ठाण्याला चरईत राहायची आणि पस्तीस वर्षं घरी फ्रेंचच्या शिकवण्या घ्यायची. फेब्रुवारी लागला की तिच्या बाहेरच्या खोलीत चपलांचा ढीग वाढायचा. मुलांना डबे खाऊन यायला सांगितलेलं असलं तरी ती भुकेलीच यायची, आणि भावोजी कुरकुरत पोहे करायचे. मुलं तिला मिस म्हणत आणि भावोजींना आजोबा. त्याचा त्यांना राग यायचा. कुणी विचारलं, मिस, ‘हेड’ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, की ताई म्हणायची, कुणाचं? सगळी हसायची. ती मात्र थांबून असायची. वाक्य सांग, मग शब्द देते. तिची ही अट मुलांना होती तशीच मला होती.

मलाही फ्रेंच तिनेच शिकवलं. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. कॉलेजात ती भाषा घेतली तेव्हा तिला घरी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तिने मला बाराव्या वर्षी समोर बसवलं. बाबांनी विचारलं होतं, याचा उपयोग काय? ती म्हणाली, तुम्हाला कळणार नाही असं बोलता येईल. बाबा त्यावर इतके हसले की फीची परवानगी तिथेच मिळाली. पुढे मी ग्रंथपाल झाले, कल्याणच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं काढली. माझं फ्रेंच पुस्तकांत राहिलं, तिचं मुलांच्या तोंडी.

कॉलेजची सूची संगणकावर गेली तेव्हा सूचीची लाकडी कपाटं रद्दीत निघाली. मी प्राचार्यांना विचारून त्यातला एक ड्रॉवर आणि पोतंभर कार्डं घरी आणली. एका बाजूला टाइप केलेली पुस्तकांची नावं, दुसरी बाजू कोरी. प्रत्येक कार्डाला खाली एक भोक, त्यातून पितळेची सळई जाते, म्हणजे कार्ड निसटत नाही. त्याच सुमारास ताईकडे एक काम आलं. तिचा एक जुना विद्यार्थी ठाण्यातल्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीत होता. त्यांचे पंप पश्चिम आफ्रिकेत जाऊ लागले होते आणि तिथे माहितीपुस्तिका फ्रेंचमध्ये लागायची. पहिल्याच पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘हेड’ हा शब्द सात वेळा होता. ताईने मला फोन केला आणि म्हणाली, नंदू, तुझी ती कार्डं आण.

तो शब्द आमचा पहिला. त्यावर आम्ही अकरा वर्षं होतो. ‘हेड’ म्हणजे डोकं, तिथे फ्रेंचमध्ये ‘तेत’. खात्याचा प्रमुख असला की ‘शेफ’. कंपनीचं मुख्य कार्यालय असलं की ‘सिएज’, म्हणजे बसण्याची जागा. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरचं हेड असलं की ‘क्युलास’. आणि पंपाचं हेड म्हणजे पाणी किती उंच चढेल तो आकडा. तिथे डोक्याचा काही संबंध नाही, तिथे उंची, ‘ओतर’. एवढ्यावर कंपनीचं काम भागत होतं. पण एकदा कार्डं सुरू झाली आणि आम्हाला थांबता येईना. लसणाचा गड्डा, कोबीचा गड्डा, टाचणीचं डोकं, नदीचा उगम, नाण्याचा छापा, टेबलाची मानाची बाजू. कुठे इंग्रजी वाचताना हा शब्द दिसला की मी वाक्य उतरवून ठेवायची आणि रविवारी तिच्यापुढे टाकायची. ताई आधी म्हणायची, मराठीत हा कुठे बसतो ते बघ, मग पुढे जाऊ. पलंगाचं हेड म्हणजे उसं, जिथे आजारी माणसाच्या उशाशी बसतात, त्याला फ्रेंचमध्ये वेगळा शब्द आहे, ‘शेव्हे’. ते कार्ड माझ्या अक्षरात आहे. ताईच्या उशाशी बसायची वेळ कुणावरच आली नाही.

वस्तू पाहिल्याशिवाय शब्द लिहायचा नाही, हाही तिचा नियम. म्हणून एका फेब्रुवारीत आम्ही दोघी खडवलीला गेलो होतो. तिच्या एका विद्यार्थिनीच्या मामांची भातसा नदीकाठी भेंडी होती, तिथे पंप होता. ताई साडी खोचून बांधावर उकिडवी बसली आणि मामांना विचारायला लागली. पाणी चढतं किती, ओढतं किती, मध्ये वळणं किती. मामा आधी बुजले होते. दोन शहरातल्या बायका, त्यांतली एक पाइपला हात लावून काहीतरी वहीत लिहितेय. मग त्यांनी मनापासून समजावलं. ते म्हणाले, “वर कितीबी ढकला, जातंय. पण खालनं ओढाया जीव लागतो. सात मीटरच्या वर कुनाच्या बापाला ओढत नाय.” ताईने ते तसंच्या तसं लिहून घेतलं. ते कार्ड आहे. वर इंग्रजी वाक्य, मध्ये फ्रेंच, आणि खाली उदाहरणाच्या जागी मामांचं मराठी. येताना त्यांनी पिशवीभर भेंडी दिली. ताई म्हणाली, मानधन मिळालेलं हे पहिलंच कार्ड.

आता खुणांबद्दल. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जिला नवा अर्थ सापडेल तिने कार्ड करायचं, आणि ते पेन्सिलीने. रविवारी ते दुसरीला द्यायचं. दुसरीने आठवडाभरात वाचायचं. पटलं तर उजव्या कोपऱ्यात बरोबरची खूण करून खाली तारीख घालायची. माझी खूण हिरवी, तिची लाल. नाही पटलं तर कोपरा मोकळा ठेवून परत द्यायचं आणि मग भांडायचं. खूण झालेलं कार्ड परत आलं की जिने लिहिलं तिने पेन्सिलीवरून शाई फिरवायची आणि मग ते सळईत ओवायचं. ड्रॉवर माझ्या घरी असायचा, आणि एक आड एक रविवारी ताई डोंबिवलीला यायची. शाईचं कार्ड बदलायचं नाही. तारीख घालण्याची कल्पना माझी, ग्रंथालयाची सवय. शाईची कल्पना तिची.

पहिली तीन-चार वर्षं आम्ही खूप भांडलो. एका कार्डापायी पंधरा दिवस अबोला होता, आणि भावोजी मधल्या मध्ये दोघींना निरोप पोचवायचे. ते म्हणायचे, घरात दोन पंडिता आणि पोह्यात मीठ नाही. मग हळूहळू भांडणं कमी झाली. मला वाटलं, आता आमचं जमलं. तिचं अक्षर छापल्यासारखं, तिचं फ्रेंच माझ्याहून कितीतरी पक्कं. तिच्या कार्डात मी काय शोधणार होते? आधी मी तिची कार्डं भराभर वाचू लागले. मग नुसत्या फ्रेंच ओळीवरून नजर फिरवू लागले. मग गठ्ठा टेबलावर ठेवायचा, हिरवं पेन घ्यायचं आणि रेडिओ ऐकत एकेका कोपऱ्यात खूण आणि तारीख घालत जायचं. दोन वर्षं तरी मी असं केलं असेल. त्यात मला काही वाईट केल्याची भावना नव्हती. उलट बरं वाटायचं. जगात एक तरी माणूस असं आहे की ज्याचं लिहिलेलं तपासावं लागत नाही, असं मनात यायचं.

ती गेली त्या दुपारी डॉक्टरांनी भावोजींना विचारलं होतं की गेल्या काही महिन्यांत बाईंना शब्द सापडत नाहीत, बोलताना अडखळतात, असं काही झालं होतं का? मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, पण आधी लहान झटके येऊन गेले असण्याची शक्यता आहे. भावोजी नाही म्हणाले. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हटलं. आम्ही दोघं खोटं बोलत नव्हतो. जानेवारीत तिने एकदा माझ्याकडे गाळणं मागितलं होतं, आणि ते मागताना गाळणं हा शब्द तिला आला नव्हता. ती म्हणाली, ते दे गं, चहाचं, भोकांचं. मी हसले. म्हटलं, ताई, वय झालं. तीही हसली. असलं काही डॉक्टरांना सांगायचं असतं हे मला कुठे माहीत होतं.

तो जानेवारी आणि तो फेब्रुवारी मी वर्षभर उलटसुलट करून पाहिला आहे. मुलांची तोंडी परीक्षा होती. ताई त्यांना चित्र दाखवून वाक्यं बोलायला लावायची. एकदा मी तिथे होते तेव्हा तिने छत्रीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि मुलांकडे बघत राहिली. मुलांनी शब्द सांगितला. ती म्हणाली, शाब्बास. मला वाटलं, ती शिकवतेय.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी पंपाच्या कंपनीतून एक ईमेल आली. तिकडच्या एका मेकॅनिकने प्रश्न पाठवला होता. गेल्या वर्षीच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की झाकण उघडण्यापूर्वी प्रत्येक बोल्टच्या उंचीवर रंगाची खूण करा. त्याने सगळे बोल्ट मोजले होते, मापं पाठवली होती आणि नम्रपणे विचारलं होतं की यांतल्या नेमक्या कितव्या मिलिमीटरवर खूण करायची? कंपनीतल्या मुलाने खाली लिहिलं होतं, मॅम, काहीतरी टायपो असेल, बघून कळवता का?

मूळ इंग्रजीत बोल्टचं हेड होतं. बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे परत बसवताना तो किती फिरला ते कळतं. साधी गोष्ट. तिथे ‘तेत’ हवं होतं. छापून गेलं होतं ‘ओतर’. मजकूर मीच टाइप केला होता. कार्ड समोर ठेवून, कार्डावर असेल ते, माझ्या हातांनी.

मी ड्रॉवर काढला. वर्षभर तो मी उघडला नव्हता. सळई ओढली, ‘हेड’चा गठ्ठा बाहेर घेतला. बोल्टचं कार्ड मिळालं. ताईचं अक्षर, निळी शाई, कोपऱ्यात माझी हिरवी खूण. आणि मध्ये ‘ओतर’. मी ते खिडकीशी नेऊन पाहिलं. मला वाटलं, मी चुकीचं वाचतेय. ताई अशी चूक करत नाही. शाळेतलं मूलही करणार नाही. डोकं आणि उंची यांत ती कशी गोंधळेल? पंपाच्या हेडसाठी मामांच्या बांधावर उकिडवी बसलेली बाई ती. मग मी त्याच्यामागचं कार्ड पुढे घेतलं.

त्यावर वर ‘हेड’ लिहिलं होतं. खाली इंग्रजी वाक्य नव्हतं. फ्रेंच ओळीची जागा कोरी होती. उदाहरणाच्या जागी मराठी होतं. मला आधी वाटलं, खडवलीच्या मामांसारखं कुणाचं तरी बोलणं टिपलं असेल.

“नंदू, मला शब्द सापडेनासे झालेत. या शब्दाचं एकही फ्रेंच आज आठवत नाही. मी घाबरले आहे. तोंडाने सांगवत नाही म्हणून इथे लिहिते. वाचलंस की फोन कर.”

उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण होती. खूण माझी. तिच्याखाली माझ्या हाताने घातलेली तारीख, ताई जाण्याच्या सहा आठवडे आधीची.

मी खुर्चीत बसले होते की उभी होते, मला आठवत नाही. गॅसवर दूध होतं ते उतू गेलं आणि वासाने मला कळलं. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं धुऊन वाळत घातलं. मग परत येऊन कार्ड पुन्हा पाहिलं. काही बदललं नव्हतं. मी ते पुन्हा वाचलं, आणि तेव्हा मला दुसरी गोष्ट दिसली. मजकूर शाईत होता. जवळून पाहिलं की शाईखाली पेन्सिल दिसते, अक्षरांच्या कडांना थोडी राखाडी छटा आहे. म्हणजे तिने हे पेन्सिलीने लिहिलं, नेहमीसारखं गठ्ठ्यात घालून मला दिलं. मी खूण करून परत दिलं. आणि मग, खूण झालेलं कार्ड परत आलं म्हणून, नियमाप्रमाणे, तिने त्यावरून शाई फिरवली आणि ते ‘हेड’च्या गठ्ठ्यात ओवलं.

ती असं का वागली ते मला आजही कळलेलं नाही. मी वाचलंच नाही हे तिला कळलं असेल आणि तिच्या स्वभावाप्रमाणे तिला त्याचं हसू आलं असेल. किंवा तिला वाटलं असेल की मी वाचलं, बरोबर आहे म्हणून खूण केली, आणि पुढे बोलायची माझी इच्छा नाही. यांतलं पहिलं असेल तर मी जगू शकते. दुसरं असेल तर काय, ते मला ठाऊक नाही.

गठ्ठा परत दिला तो रविवार मात्र मला आता पूर्ण आठवतो. कार्ड सापडेपर्यंत आठवत नव्हता. तो इतर रविवारांसारखाच होता. चरईतलं घर, मोहोराचा वास, खाली कुणीतरी उसाच्या रसाचं यंत्र सुरू केलेलं. मी गठ्ठा तिच्या हातात दिला. तिने तो चाळला, एका जागी थांबली. मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“सगळी बघितलीस?”

“तुझं काय बघायचं असतं गं, ताई?”

मी हे प्रेमाने म्हटलं होतं. ती हसली, बरं म्हणाली आणि भावोजींना चहा टाकायला सांगितलं. पुढचा तास आम्ही कैरीच्या लोणच्याबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवरमधली सगळी कार्डं बाहेर काढली. पलंगावर, टेबलावर, जमिनीवर. मला एक गोष्ट पाहायची होती. मी तिची कार्डं वाचत नव्हते, तर ती माझी वाचत होती का? खरं सांगायचं तर ती वाचत नसावी, अशी माझी इच्छा होती. म्हणजे आम्ही दोघी सारख्या ठरलो असतो. माझ्या प्रत्येक कार्डावर तिची लाल खूण होती. मी कार्डं उलटली. मागे, टाइप केलेल्या जुन्या पुस्तकांच्या नावांखाली, जिथे मी कधीच पाहिलं नव्हतं, बारीक पेन्सिलीने तिच्या नोंदी होत्या. मधमाश्यापालनाच्या पुस्तकाखाली लिहिलं होतं, छान, पण कॅनडात वेगळं म्हणतात. उशाशी बसण्याच्या कार्डामागे लिहिलं होतं, नंदूने हे एकटीने शोधलं. एकेक कार्ड तिने वाचलं होतं. अकरा वर्षं.

शेवटच्या महिन्यांच्या कार्डांमागे नोंदी आखूड होत गेल्या होत्या. एका ठिकाणी लिहिलं होतं, इथे तो शब्द घाल, तो, पाणी वर जातं तो. एका ठिकाणी नुसतं, इथे ते. आणि अगदी शेवटच्या गठ्ठ्यात काही नाही, फक्त लाल खुणा, पण प्रत्येक खुणेशेजारी पेन्सिल टेकून ठेवल्याचा एक ठिपका. काहीतरी लिहायला पेन्सिल टेकवली असेल आणि उचलली असेल.

मी ते कार्ड घेऊन ठाण्याला गेले. जावं की न जावं यात चार दिवस घालवले होते. भावोजी आता एकटे असतात, त्यांना हे दाखवून काय मिळणार, असं मी स्वतःला सांगत होते, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की मी स्वतःला वाचवतेय. त्यांनी दार उघडलं. बाहेरच्या खोलीत चपलांचा ढीग नव्हता. शिकवणीच्या खुर्च्या एकावर एक रचून कोपऱ्यात होत्या. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी टेबलावरचं भिंग घेतलं आणि खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं. बराच वेळ भिंग अक्षरांवरच होतं. म्हणाले, अक्षर बघ कसं आहे.

मग त्यांनी सांगितलं की त्या आठवड्यात तिने तीन दिवस घर सोडलं नव्हतं. रोजचं तलावपाळीला फिरणंसुद्धा बंद. मोबाइल समोर टेबलावर ठेवून मुलांच्या वह्या तपासत बसायची. त्यांनी विचारलं होतं, कुणाचा फोन यायचाय का, तर म्हणाली, नंदूचा. ते पुढे काही बोलले नाहीत, कारण आमच्या दोघींच्या कामात ते पडत नसत. हे सगळं त्यांनी हळू आवाजात सांगितलं आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं.

“तू केला होतास ना?”

“नाही, भावोजी.”

त्यांनी मान हलवली. तांबट इथेही बोलत होता, कुठल्यातरी गच्चीवरच्या टाकीमागून. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि बऱ्याच वेळाने तिथून विचारलं, पोहे करतो, खाशील का? मी हो म्हटलं. आम्ही पोहे खाल्ले. मीठ जास्त झालं होतं. निघताना त्यांनी कार्ड माझ्या हातात परत दिलं. मी म्हटलं, तुमच्याकडे ठेवा. ते म्हणाले, तिने तुझ्या ड्रॉवरमध्ये लावलंय, माझ्या नाही.

मेकॅनिकला उत्तर पाठवलं. उंचीवर नाही, डोक्यावर. चूक आमची आहे, तुमची मापं अचूक आहेत. त्याने उलट लिहिलं की त्याला असंच वाटलं होतं, पण छापलेलं आहे म्हणून त्याने आधी विचारायचं ठरवलं. ते वाक्य मी बराच वेळ पाहत राहिले. परक्या देशात, कुठल्याशा वर्कशॉपमध्ये, एक अनोळखी माणूस आमचं लिहिलेलं शब्द न् शब्द वाचत होता. न कळलेल्या जागी थांबत होता. आणि विचारत होता.

गेल्या आठवड्यात सई वर आली. सरावाचं पत्र लिहिलं होतं, मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावणारं. काकू, एकदा बघता का, म्हणाली. मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं, मग ओळीओळीने, मग पान उलटून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. ती दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. शेवटी म्हणाली, काकू, एवढं काही नाहीये त्यात. मी तिला विचारलं, तू ठीक आहेस ना? ती गोंधळली. हो म्हणाली. मग मी तिला पत्र परत दिलं. कोपऱ्यात खूण केली नाही.

ताई गेली त्या मंगळवारी जो गठ्ठा माझ्या टेबलावर होता तोही मी आता वाचला. फोन वाजला तोवर मी त्यातल्या निम्म्यावर खुणा केल्या होत्या, एकही न वाचता. मी ती कार्डं एकेक करून, मोठ्याने वाचली. त्यांवर माझ्यासाठी काही लिहिलेलं नव्हतं. बहुतेकांवर इंग्रजी वाक्य होतं आणि खाली जागा मोकळी होती. मोकळ्या जागेवरही मी खूण केली होती.

सावरीची फुलं आता संपत आली आहेत. बोंडं धरतील, मग एप्रिलच्या शेवटी कापूस उडेल आणि खिडकीच्या जाळीला चिकटेल. ताईला तो गोळा करून उशीत भरायची हौस होती. माझ्याकडे तिने केलेली तशी एक उशी आहे.

शाईचं कार्ड बदलायचं नाही, हा नियम मी पाळला आहे. बोल्टचं तेवढं नवं कार्ड केलं, पेन्सिलीने. त्याचा कोपरा मोकळा आहे, तिथे खूण करणारं कुणी नाही. तिच्या निरोपाचं ते दुसरं कार्ड ड्रॉवरमध्ये ‘हेड’ या शब्दाखाली आहे, तिने लावलं होतं त्याच जागी. त्यावर तिची शाई आहे आणि माझी खूण आहे.